जालन्याहून येणारा मेव्हणा

नाटकात माझ्या वाट्याला एकूण अकरा वाक्यं होती, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मी नांदेडच्या रंगमंचावर चुकलो. विसरलो असतो तर बरं झालं असतं. विसरणाऱ्याला विंगेतून कुणीतरी शब्द पुरवतं, प्रेक्षकही सांभाळून घेतात. मी विसरलो नाही. मी दुसरंच वाक्य बोललो. मोठ्यानं, स्वच्छ, एरवी कचेरीत कधी बोललो नसेन इतक्या ठामपणे.

नाटक घरमालकाचं होतं. म्हणजे खरं तर ते भाडेकरूंचं होतं, पण घरमालक मी असल्यामुळं मला ते घरमालकाचंच वाटायचं. एक मास्तर बायकोला आणि सामानाला घेऊन नव्या शहरात येतो. फोनवर खोली ठरलेली असते. गेटवर मालक नाव विचारतो, आडनाव ऐकतो आणि खोली नाही म्हणतो. पण ते जोडपं परत जात नाही. गेटसमोरच रस्त्यावर खाट टाकतं, लिंबाच्या झाडाला आरसा अडकवतं, स्टोव्ह पेटवतं. उरलेलं नाटक रस्त्यावरच्या त्या संसारात घडतं आणि मालक गेटच्या आतून बघत राहतो. मास्तर म्हणतो, "साहेब, फोनवर तर हो म्हणाला होतात." त्यावर मी म्हणायचं, "फोनवरचं वेगळं, गेटवरचं वेगळं." बास. एवढंच.

मी म्हणालो, "हिचा भाऊ यायचाय जालन्याहून. खोली त्याच्यासाठी ठेवलीय."

नाटकात भाऊ नव्हता. जालना नव्हतं. 'हिचा' म्हणायला मालकाला बायकोसुद्धा नव्हती. आमच्या दिग्दर्शिकेनं, कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाईंनी, त्याला मुद्दाम एकटा ठेवला होता.

हा भाऊ कुठून उपटला ते सांगायचं तर सात वर्षं मागं, लातूरला, माझ्या खऱ्या गेटवर जावं लागेल.

आमचं लातूर आता शिकवणीचं गाव झालंय. मी इथं बदलून आलो तेव्हा आमच्या गल्लीत गच्चीगच्चीवर कुरडया वाळायच्या. आता बाहेरगावच्या पोरापोरींचे कपडे वाळतात. खाली मेस, वर खोल्या, जिन्याखाली झेरॉक्स. गल्लीत राहणारे आम्ही जुने लोक आता पाच-सहाच घरं उरलो, आणि आम्हीही जमेल तितकं वर बांधून भाड्यानं देतो. तसं मीही बांधलं. एकच खोली, पण स्वतंत्र जिना, पूर्वेला मोठी खिडकी. पहिला फोन आला तो अर्धापूरकडच्या एका गृहस्थांचा. ते तिकडं एका शाळेत शिपाई होते. मुलगी दहावीला चांगली पास झालेली, तिला इथल्या शिकवणीत घातलेलं. माणूस फोनवर इतकं अदबीनं बोलला की मी म्हणालो, "या की. खोली तुमचीच समजा."

ते खरंच तसं समजून आले. टेम्पोत गादी, लोखंडी टेबल, पुस्तकांचं खोकं. पुढं चालकाशेजारी मुलगी. गृहस्थांच्या हातात केळीच्या दोन मोठ्या फण्या. "वहिनी, आमच्या तिकडची हायेत," म्हणून त्यांनी त्या बायकोच्या हाती दिल्या. ती आत ठेवून आली. मी वही काढली. भाडेकरूची माहिती लिहून घ्यायची असते ना.

"पूर्ण नाव?"

त्यांनी नाव सांगितलं, वडलांचं नाव सांगितलं आणि थांबले. मी पेन तसंच धरून राहिलो. आमच्याकडं ही थांबण्याची कला प्रत्येकाला येते. समोरचा माणूस ती ओळखतो.

"आडनाव?"

त्यांनी आडनाव सांगितलं. ते बौद्ध होते. हे कळायला आमच्याकडं शाळा शिकावी लागत नाही.

मी म्हणालो, "तसं काही नाही हो. पण आम्ही लिंगायत, घरात वशाट चालत नाही."

"आम्ही खात न्हाई सर," ते पटकन म्हणाले. "आई गेल्यापासून घरात बंद केलंय. अंडंसुद्धा न्हाई."

आता मांसाहाराची ही सबब आमची पिढीजात. तिच्याआड उभं राहिलं की आपण जातीचं काहीच बोललो नाही, असं मानून झोपता येतं. त्यांनी ती एका वाक्यात बाजूला सारली आणि मी उघड्यावर आलो. टेम्पोतून मुलगी माझ्याकडं बघत होती. तेव्हा माझ्या तोंडून, मलाही नवल वाटावं इतक्या सहज, माझ्या बायकोचा भाऊ जन्माला आला.

"अडचण अशीय, हिचा भाऊ यायचाय जालन्याहून. सकाळीच फोन आला. खोली त्याच्यासाठी ठेवावी लागतीय."

बायको दारातच उभी होती. तिला दोन बहिणी आहेत. भाऊ नाही. 

गृहस्थांनी वहीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "बरं सर," म्हणाले आणि टेम्पो मागं घ्यायला सांगितला. केळी मागितली नाहीत. माणसं अशा वेळी केळी परत मागत नसतात, आणि आपणही "तुमची केळी राहिली" म्हणून मागं धावत नसतो. त्या फण्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात राहिल्या. कुणी हात लावला नाही. आधी घरभर गोड वास आला, मग उग्र, मग केळी काळी पडली आणि बायकोनं ती कधी टाकून दिली ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत गेटवर उभा होतो, तर तीच मुलगी सायकलवरून गेली. मागच्या गल्लीतल्या वसतिगृहात तिला जागा मिळाली होती, आणि शिकवणीचा तिचा रस्ता आमच्या घरावरून होता. रोज सकाळी जायची, दुपारी परत यायची.  जाताना मान वर करून खोलीच्या खिडकीकडं बघायची. मेव्हणा आला का, एवढंच बघत असावी.

आता काय करायचं? दुसऱ्या कुणाला खोली द्यावी तर तिला दिसणार. मग मी खिडकीला पडदा लावला. संध्याकाळी वर जाऊन दिवा लावून यायला लागलो. एकदा तर माझाच एक जुना शर्ट आणि लुंगी वरच्या तारेवर वाळत घातली. समोर राहणारे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "पाहुण्याचे कपडे दिसतेत, पाहुणे काही दिसंनात!"

"लाजाळू आहेत," मी म्हणालो.

"लग्न झालंय का?"

"नाही."

"मग बघू की एखादी. आपल्यातलीच बघू. वय काय?"

खोट्याला एकदा दारात घेतलं की त्याला जेवूखाऊ घालावं लागतं. मी मेव्हण्याला वय दिलं, नोकरी दिली, बदली अडकवून ठेवली, साखरेचा त्रास दिला म्हणजे पोस्टमास्तर स्थळं आणणार नाहीत. हळूहळू त्याला खोकलाही लागला. हे मी सांगितलेलं नव्हतं. एका संध्याकाळी मी खाली वर्तमानपत्र वाचत बसलो होतो आणि वरून स्पष्ट, घसा खाकरल्याचा आवाज आला. मी जिना चढून गेलो. खोलीत कुणी नव्हतं. दिवा तेवढा चालू होता, आणि मी तो लावल्याचं मला आठवत नव्हतं.

खाली येऊन बायकोला विचारलं, "वर कोण गेलं होतं?"

"भाऊ असंल माझा," ती म्हणाली आणि पिठाचा डबा काढायला वळली.

ती चेष्टा करत होती, असं मी ठरवून टाकलं. पण त्या वर्षीची भाऊबीज मला आठवते. भाऊ नसलेल्या बायका आमच्याकडं त्या दिवशी चंद्राला ओवाळतात. तीही लग्न झाल्यापासून दर वर्षी अंगणात उभी राहून ओवाळायची. त्या संध्याकाळी मी अंगणात पाट ठेवला तर ती जिन्यावरून उतरत होती. हातात ताट, निरांजन अजून जळत होतं.

"वर कशाला गेलतीस?"

"ओवाळायला," ती म्हणाली. "चंद्र लई वर्षं झाला. म्हणलं आता घरचा हाय तर घरच्याला ओवाळावं."

मी हसलो. ती हसली नाही. ताटातल्या अक्षता आणि कुंकू वरच्या खोलीच्या उंबऱ्यावर पडलेलं मला दुसऱ्या दिवशी दिसलं.

दोन वर्षांनी ती सायकलवाली मुलगी दिसेनाशी झाली. शिक्षण पुरं झालं असेल, पुढं गेली असेल. कुठं, ते मला माहीत नाही. आता खोली द्यायला हरकत नव्हती. पण लोक विचारायला आले की वाक्य आपोआप तोंडातून यायचं. तोवर मेव्हणा आमच्याकडं स्थायिक झाला होता.

आणि मग नाटक आलं. मी लहानपणी गणपतीत विनोदी कामं केलेली, त्या जोरावर बाईंकडं गेलो. मला एखाद्या विनोदी शेजाऱ्यासारखं काहीतरी हसरं काम हवं होतं. बाईंनी मला खुर्चीवरून उठवून दारात उभं केलं. "काही करू नका. नुसतं बघा माझ्याकडं, जसं मी खोली मागायला आलेय." मी बघितलं. बाई म्हणाल्या, "मालक मिळाला." सगळे हसले. मीही हसलो.

मास्तरचं काम करणारा तरुण बँकेत होता. जवळच्या मुरुडहून रोज मोटारसायकलनं लातूरला यायचा, नोकरी करून तालमीला, मग परत. बायकोला सातवा महिना लागलेला. तिला माहेर नव्हतं, आई लहानपणीच गेलेली. डॉक्टर लातूरचे आणि ते म्हणालेले, जवळ राहा, एवढा प्रवास नको. त्याला बाळंतपणाच्या आत लातुरात एक खोली हवी होती आणि ती मिळत नव्हती. हे तालमीत सगळ्यांना माहीत होतं. का मिळत नाही तेही. त्याचं आडनाव अर्धापूरच्या गृहस्थांचं नव्हतं, पण ऐकणाऱ्याला तेच सांगणारं होतं.

एकदा चहाच्या वेळी तो माझ्याजवळ येऊन बसला. "सर, बाई म्हणल्या तुमची वरची खोली रिकामी असती म्हणून. म्हणलं विचारून बघावं."

मी तालमीत दीड महिना हेच नाटक करत होतो. रोज संध्याकाळी त्याला गेटवरून हाकलत होतो आणि रोज बाई समजावून सांगत होत्या की हा मालक राक्षस नाही, भला माणूस आहे, म्हणूनच तो भयंकर आहे. मी मान डोलावत होतो. आणि तरी मी त्याला म्हणालो, "दिली असती हो. पण हिचा भाऊ यायचाय जालन्याहून."

"हाव का सर? मग ठीकच हाय," तो म्हणाला. चहाचा कप विसळून ठेवला आणि वाक्यं पाठ करायला गेला.

सवयीनं बोललो, असं मी मनाला सांगितलं. सवय हा शब्द मला फार उपयोगी पडत आलाय. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पोस्टमास्तर दिसले होते, त्यांच्या बायकोचा चेहरा दिसला होता, आणि गल्लीत कुणी काही बोलणार नाही, फक्त बोलणं थोडं कमी करेल, ते दिसलं होतं. एवढ्याशा भीतीसाठी मी त्याला नाही म्हणालो.

नांदेडला नाट्यस्पर्धेत आमचा सकाळी अकराचा प्रयोग होता. मला दोन दिवस एकच धास्ती: नांदेड म्हणजे अर्धापूर शेजारीच. ते गृहस्थ आले तर? नाटकं बघायला शाळेतले शिपाई कशाला येतील, असंही मी मनाशी म्हणून पाहिलं, आणि तसं म्हटल्याची स्वतःलाच लाज वाटली. पडदा उघडला. पहिली दोन वाक्यं नीट गेली. मग माझी नजर तिसऱ्या रांगेत गेली. पांढरा शर्ट, बारीक केस, मान किंचित वर. ते होते. त्याच वेळी समोरून मास्तर म्हणाला, "साहेब, फोनवर तर हो म्हणाला होतात."

आणि मी ते बोललो.

बोलल्याबरोबर कळलं. विंगेत बाईंचा हात तोंडावर गेलेला दिसला. समोर मास्तर उभा, डोक्यावर ट्रंक. त्यानं ती ट्रंक खाली ठेवायची आणि खाट टाकायला वळायचं, असं बसवलेलं होतं. त्यानं ट्रंक ठेवली नाही. माझ्याकडं बघत राहिला. तालमीत त्यानं असं कधीच बघितलं नव्हतं. हे वाक्य नाटकातलं नाही आणि आपण ते कुठं ऐकलंय, हे त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेलं मी एकट्यानंच बघितलं.

"अजून आले न्हाईत का?" तो म्हणाला.

सभागृहात कुणीतरी हसलं. 

"मग आम्ही थांबतो हितंच," तो म्हणाला. "ते आले की जाऊ. न्हाई आले तर बघू."

तेव्हा त्यानं ट्रंक खाली ठेवली आणि टाळ्या पडल्या. पुढचं सगळं नाटक बदललं. आरसा अडकवताना त्यानं नाटकातल्या बायकोला विचारलं, "जालन्याची गाडी किती वाजता असती गं?" स्टोव्ह पेटवल्यावर त्यानं एक कप चहा जास्तीचा करून रस्त्याच्या कडेला ठेवला. लोक आधी हसत होते, मग हसायचे थांबले. मी गेटच्या आतून बघत होतो. त्या कपावरची वाफ मला दिसत होती. कुणीतरी येणार म्हणून सगळं सभागृह रस्त्याकडं बघत बसलं होतं. आणि मला, देवाशपथ, खोकला ऐकू आला.

दिवे लागल्यावर तिसऱ्या रांगेतला माणूस उठला, खांद्यावर वायरचं भेंडोळं टाकलं आणि माइक काढायला स्टेजवर आला. तो सभागृहाचा वायरमन होता.

परीक्षकांपैकी एकजण मागं येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तो न येणारा भाऊ काय सुचला हो! आणि तुमचा मालक, अगदी अस्सल." मी आभार मानले. दुसरं काय करणार?

परतीच्या वाटेवर अहमदपूरच्या अलीकडं गाडी चहाला थांबली. तो एकटा झाडाखाली उभा होता. मी गेलो.

"माफ करा," मी म्हणालो. "मेव्हणा वगैरे कुणी नाही मला."

"माहीत होतं सर. तुम्ही म्हणलात तेव्हाच."

"तेव्हाच?"

"सगळ्यांचंच कुणी ना कुणी येणार असतंय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, हेच अवघड होतं. "कुणाचा पोरगा पुण्याहून, कुणाची सासू, कुणाचा साडू. ते सगळे खरंच आले ना सर, तर लातुरात उभं राहायला जागा राहणार न्हाई."

"खोली घ्या," मी म्हणालो. "उद्यापासून. मी मनापासून सांगतोय."

त्यानं कपातला उरलेला चहा संपवला. "बायकोला दाखवून घेतो," म्हणाला.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून वर गेली आणि खोली धुऊन काढली. पडदा काढला. खिडकी उघडली तर कडीला गंज चढलेला. तेल घालून सैल केली. रविवारी ते दोघं आले. बायकोनं धपाटे केले होते, दह्याची वाटी भरून ठेवली होती. तिला इतकं बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

त्याची बायको कठडा धरून सावकाश जिना चढली. खिडकीत जाऊन उभी राहिली. "हवा चांगली येतीय," म्हणाली.

"सकाळचं ऊन बी येतंय," माझी बायको म्हणाली. "बाळाला शेकायला बरं. आन् ही बघ, वर कडी हाय. पाळणा टांगता येतोय."

ती वर बघून हसली. तो माझ्याकडं बघून हसला. मला वाटलं, झालं.

आम्ही चौघंही खाली गेटपाशी आलो. समोरून पोस्टमास्तरांनी कठड्यावरून हाक मारली, "कोण पाहुणे? शेवटी आले का काय मेव्हणे?"

 त्याची बायको माझ्या बायकोकडं वळली. अगदी साधेपणानं, हळू आवाजात तिनं विचारलं, "ताई, त्यांनी विचारलं तर आमचं आडनाव काय सांगणार तुम्ही?"

माझ्या बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी गेटच्या कडीकडं पाहिलं. कडी उघडीच होती, तरी मी ती उघडायला हात घातला. फार वेळ गेला नाही. तीन-चार श्वास. पण विचारणारीला जेवढं बघायचं होतं तेवढं तिनं बघून घेतलं.

"चला," ती नवऱ्याला म्हणाली. "मुरुडला पोचायला उशीर होतोय."

"कळवतो सर," तो म्हणाला.

दोन दिवसांनी त्यानं फोन करून कळवलंही. स्टँडच्या पलीकडं, त्याच्या लोकांच्या वस्तीत एक खोली मिळाली होती. दवाखाना जवळ पडतो म्हणाला. लहान आहे, खिडकी नाही, पण शेजार चांगला आहे. तुमचे उपकार आहेत सर, असंही म्हणाला. कसले, ते मी विचारलं नाही.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणालो, "माझ्यामुळं गेली ती. मी गप्प राहिलो."

तिनं मान वर केली नाही. निवडलेली मेथी एकीकडं सारली.

"तिनं मला विचारलं होतं, अहो," ती म्हणाली. "तुम्हाला न्हाई. मी कशाला बघत बसले तुमच्या तोंडाकडं?"